यंदां कोण वर येणार?

गेल्या ऋषिपंचमीस, म्हणजे २८ ऑगस्ट २०२५ रोजीं, आमच्या घरीं एक मोठा वाद झाला. शेगांवीं त्या दिवशीं श्रीगजाननमहाराजांचा पुण्यतिथि-उत्सव असतो. त्या निमित्तानें गांवोगांव पांगलेली आमची मंडळी दरवर्षीं एकत्र जमते. आणि बाहेर पाय ठेवावयास जागा नसल्यामुळें दर्शन आटोपलें कीं दुपारभर घरांतच बसून राहण्यावांचून गत्यंतर नसतें. बायकांचा ऋषीच्या भाजीवर उपास, पुरुषांचीं पोटें प्रसादानें जड. अशा वेळीं वाद न निघाला तरच नवल. पूर्वीं हे वाद शेताच्या बांधावरून किंवा राजकारणावरून निघत, आणि त्यांतून दोन घरांचें येणेंजाणें कायमचें बंद झालेलेंहि आम्हीं पाहिलें आहे. म्हणून चारपांच वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईनें एक नवीच चाल पाडली. क्रिकेटचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें अशा एका तरुण खेळाडूचें नांव चिठ्ठीवर लिहावयाचें, कीं ज्याच्याकडून फार अपेक्षा होती, ज्यानें आजवर निराशा केली, आणि जो यंदां एकदम वर येईल. चिठ्ठ्या लाडवांच्या रिकाम्या डब्यांत बंद करावयाच्या, डबा होळीस उघडावयाचा, आणि ज्याचें भाकीत खरें ठरेल त्याला बाकीच्यांनीं कचोरी खाऊं घालावयाची. चिठ्ठी टाकण्यापूर्वीं मात्र आपली बाजू सर्वांसमक्ष मांडली पाहिजे, असा नियम.

आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. वडिलांपाशीं थोडें संस्कृत झालेलें. अमरकोश, रघुवंशाचे कांहीं सर्ग आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह एवढीच काय ती आमची पुंजी. तिच्या बळावर ३७ वर्षें मुलांना संस्कृत व मराठी शिकवून २०१५ सालीं निवृत्त झालों. क्रिकेटमधलें आम्हांस फारसें कळतें असें नाहीं. परंतु वाद कसा करावा व कसा करूं नये हें कळतें, असा आमचा समज आहे. मंडळीचाहि तसा समज असावा, कारण पंच म्हणून दरवर्षीं आम्हांसच बसवितात.

पहिली बाजू डोंबिवलीच्या जांवईबापूंची. त्यांनीं पृथ्वी शॉ याचें नांव पुढें केलें. २०१३ सालीं चौदा वर्षांच्या या मुलानें हॅरिस शील्डच्या एका सामन्यांत ५४६ धांवा काढल्या. २०१८ च्या फेब्रुवारींत त्याच्या नेतृत्वाखालीं एकोणीस वर्षांखालील मुलांच्या संघानें विश्वचषक जिंकला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राजकोटास पहिल्याच कसोटींत त्यानें १३४ धांवा केल्या. पुढची कथा निराळी. २०२० च्या डिसेंबरांत अ‍ॅडलेड येथें दोन्ही डावांत बॅट आणि पॅड यांमधल्या फटींतून चेंडू शिरला व त्याचा त्रिफळा उडाला. एकदां शून्यावर, एकदां चारांवर. २०२३ च्या जानेवारींत आसामविरुद्ध ३७९ धांवांचा एक डाव विजेसारखा चमकून गेला. पण २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रणजी संघांतून त्याला वगळण्यांत आलें, पुढच्याच महिन्यांत आय.पी.एल.च्या लिलावांत कोणी बोली लावली नाहीं, आणि २०२५ सालीं तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघांत आला. “ज्यानें ५४६ केल्या, १३४ केल्या, ३७९ केल्या, तो पुन्हां करणारच,” जांवईबापू म्हणाले. “हातांतली कला कोठें जाते?”

आम्हीं विचारलें, “बापू, २०१६ च्या जानेवारींत तुमच्या शेजारच्या कल्याणांत प्रणव धनावडे या शाळकरी मुलानें नाबाद १००९ धांवा काढल्या होत्या. आंकड्यानेंच वर यावयाचें असतें तर तो आज कोठें असता?” बापू गप्प राहिले. तर्कसंग्रहांत अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. साध्य असेल तेथेंहि तो आढळतो आणि नसेल तेथेंहि आढळतो. काल दिसलेल्या धुरावरून उद्यांचा अग्नि सिद्ध होत नाहीं. त्या मुलाकडे मात्र यांत कोणताच दोष जात नाहीं. पंधराव्या वर्षीं एका डावाचें एवढें ओझें त्याच्या डोक्यावर आपण सर्वांनीं मिळून ठेवलें, आणि मग तो सावकाश कां चालतो म्हणून विचारीत बसलों.

दुसरी बाजू आमच्या धाकट्या बंधूंची. ते बँकेंत होते. नोकरीचीं बरींच वर्षें सोलापूर-तुळजापूरकडे गेल्यामुळें भवानीच्या गांवचा राजवर्धन हंगरगेकर त्यांस घरचाच वाटतो. २०२२ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत हा वेगवान गोलंदाज होता. लागलीच चेन्नईच्या संघानें त्याला दीड कोटी रुपयांस घेतलें, आणि वर्षभर नुसतें बसवून ठेवलें. २०२३ च्या मार्चअखेर अहमदाबादेस पहिल्या सामन्यांत त्यानें तीन बळी घेतले खरे, परंतु त्या हंगामांत त्याला मिळाले सामने दोन! बंधूंचें म्हणणें असें, कीं वेगवान गोलंदाज हें उशिरां पिकणारें फळ आहे. त्याचें शरीर पंचविशींत कोठें ठरतें. दाखला म्हणून त्यांनीं आपल्या विदर्भाचाच उमेश यादव सांगितला. कोळशाच्या खाणींतील कामगाराचा मुलगा. पोलीस भरतींत निवड झाली नाहीं. चामड्याच्या चेंडूनें नियमित खेळूं लागला तोच मुळीं विशीच्या सुमारास. आणि २००८ सालीं रणजी, २०११ सालीं कसोटी. दाखला चांगला होता व आम्हांस पटलाहि. तरी पंचाचें कर्तव्य म्हणून विचारावें लागलें, कीं उमेश यादव दिसला म्हणून आपण मोजला. पण भरतींत नाकारले गेलेले आणि नंतरहि कोठेंच न दिसलेले किती, त्यांची मोजणी कोणीं केली?

सूनबाईचें माहेर अकोल्याचें. त्यामुळें तिची चिठ्ठी कोणाच्या नांवाची, हें ती बोलण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक होतें. अथर्व तायडे अकोल्याचा. २०१८ सालीं कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यांत मध्य प्रदेशाविरुद्ध त्यानें ३२० धांवा केल्या, आणि त्याच वर्षीं श्रीलंकेंत एकोणीस वर्षांखालील संघाकडून दोन सामन्यांत ११३ व १७७. (त्यांपैकीं पहिला सामना अर्जुन तेंडुलकराचाहि पहिलाच असल्यामुळें तायडेच्या शतकापेक्षां तेंडुलकराच्या शून्याचीच चर्चा अधिक झाली, हें आम्हांस चांगलें आठवतें.) इतकें होऊनहि पुढें पाऊल जड झालें तें झालेंच. २०२३ च्या मे महिन्यांत धरमशाला येथें पंजाबच्या संघाकडून खेळतांना ५५ धांवांवर त्याला खेळ सोडून परतावें लागलें, कां तर धांवा हव्या तितक्या वेगानें होत नव्हत्या. २०२५ च्या फेब्रुवारींत रणजीच्या उपांत्य सामन्यांत मुंबईविरुद्ध तो अयशस्वी ठरला, आणि केरळाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्याला जागाच मिळाली नाहीं. त्या सामन्यांत दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या पोरानें, संघाचे तीन गडी २४ धांवांत गेले असतां, १५३ धांवा केल्या, आणि विदर्भानें तिसऱ्यांदां रणजी करंडक जिंकला. सारें नागपूर नाचत असतां बाहेर बसलेल्याला काय वाटलें असेल, असें सूनबाईनें विचारलें. हा कांहीं तर्क नव्हे, म्हणून आम्हीं हेतु मागितला. ती म्हणाली, “करुण नायर कर्नाटकांत परत गेले. एक जागा मोकळी झाली.” आम्हीं सांगितलें, कीं नायर मधल्या फळींत खेळत आणि तायडे सलामीचा, तेव्हां हा हेतु पक्षावर लागूच पडत नाहीं, यास स्वरूपासिद्ध म्हणतात. सूनबाईनें “असूं दे” म्हटलें व चिठ्ठी डब्यांत टाकली.

आमची नात कोल्हापुरास शिकते. तेथें फुटबॉलचें वेड. क्रिकेट हा तिच्या मतें बसून पाहण्याचा खेळ. तिनें अनिकेत जाधव याचें नांव घेतलें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशांत भरला, तेव्हां कोल्हापूरचा हा मुलगा भारताकडून खेळला होता. पुढें इंडियन सुपर लीगमधील निरनिराळ्या संघांतून तो खेळला, परंतु त्या वेळीं जी आशा वाटली होती ती पुरी फळली नाहीं, असें तिनेंच सांगितलें. “मग यंदां फळेल म्हणतेस?” आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “आजोबा, यंदां लीगचा हंगामच केव्हां सुरू होणार तें ठरलेलें नाहीं. कराराचें भांडण चाललें आहे. मैदानच नाहीं तर वर येणार कोठून?” खरोखरच त्या दिवशींपर्यंत ती स्पर्धा अधांतरींच होती. चिठ्ठी तिनें टाकली, पण रागानें.

एवढा वेळ उंबऱ्याशीं बसलेला धाकट्या बंधूंचा नातू कांहींच बोलला नव्हता. तो सोळा वर्षांचा, अकरावींत. त्याला विचारलें तेव्हां तो खालीं पाहूनच म्हणाला, “तुम्ही सगळे कोण चांगला तें सांगतां. कोणाला सलग सहा सामने मिळणार तें कोणीच सांगत नाहीं. तें सांगा, मग मी नांव सांगतों.”

घरांत एकदम शांतता झाली. आमचा पुतण्या, म्हणजे त्या मुलाचा बाप, पाणी पिण्याच्या निमित्तानें उठून आंत गेला.

वाचकहो, येथें थोडें मागें गेलें पाहिजे. हा मुलगा तेरा वर्षांचा असतां शाळेच्या सामन्यांत त्यानें ९२ धांवा काढल्या, आणि घरांत पेढे वाटले गेले. ते पेढेच पुढें त्याला बाधले. बापानें त्याला अकोल्यास शिकावयास घातलें. रोज दुपारीं शाळा सुटली कीं स्टेशन, अकोल्याला दोन तास सराव, रात्रीं साडेआठाच्या सुमारास परत. जेवतांना डोळे मिटत. आणि गेलीं दोन वर्षें निवड-चाचणींत त्याचें नांव लागलें नाहीं. एका चाचणींत त्याला सहा चेंडू खेळावयास मिळाले, दुसरींत त्याची पाळी येण्यापूर्वींच पाऊस आला. दहावीस गुण बेताचे पडले. गणपति उठले कीं अकोला बंद करावयाचें, असें पुतण्यानें आदल्या रात्रींच बंधूंना सांगून टाकलें होतें. मुलाला तें सांगण्याचें काम मात्र कोणीच अंगावर घेत नव्हतें. त्याला तें कळलें होतें, हें आतां आम्हांस कळलें.

रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं पेटींतून आमची एक जुनी वही काढली. ही वही आम्हीं फारशी कोणाला दाखविलेली नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं हौस म्हणून आम्ही जूनमध्यें वर्गांतल्या तीन मागासलेल्या मुलांचीं नांवें लिहून ठेवलीं, कीं हे मार्चच्या परीक्षेस वर येतील. पुढें ती संवयच झाली. ३७ वर्षांचीं १११ नांवें. निवृत्त झाल्यावर एके दुपारीं बसून ताळा घेतला, तों २९ खरीं निघालीं. चारांत एक! आणि ज्यांचें नांव आम्हीं स्वप्नांतहि लिहिलें नसतें अशीं कितीतरी मुलें वर आलीं, तीं निराळींच. क्रिकेटच्या डब्याची गतिहि हीच. २०२४ च्या डब्यांत हर्ष दुबे याचें नांव नव्हतें, आणि त्या हंगामांत त्यानें ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामांतील सर्वांत अधिक बळींचा विक्रम केला.

चुकलेल्या भाकितांचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. वाटतें तें वहींतील एका कोऱ्या जागेचें. १९९६ सालीं एका मुलाचें नांव आम्हीं लिहिलें व महिन्याभरानें खोडलें. त्याच्या बापाला बोलावून आम्हीं सांगितलें होतें, कीं याचें डोकें पुस्तकांत नाहीं, चेंडूंत आहे. उगाच वर्ष घालवूं नका, दुकानांत बसवा. बापानें ऐकलें. गुरुजींचा शब्द! तो मुलगा आज दुकानांत आहे, सुखी आहे, दिसला कीं वांकून नमस्कार करतो. आमचें अनुमान बरोबर होतें कीं चूक, हें ठरविण्याचें साधनच आम्हीं मोडून टाकलें. इतर सर्व नांवांपुढें बरोबर किंवा चूक अशी खूण आहे. या एकापुढें कांहींच करतां येत नाहीं.

ती वही घेऊन आम्ही ओसरीवर आलों. पुतण्या जागाच होता. त्याला आम्हीं तें पान दाखविलें व हकीकत सांगितली. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, तुम्ही चुकलां तरी तुमचा पगार चालू राहिला. मी चुकलों तर याचें वर्ष जाईल. अकरावी गेली कीं बारावी गेली. मग कोण उभें राहील याच्यामागें?”

याला तर्कसंग्रहांत उत्तर नाहीं. आम्हांस एवढेंच सुचलें, कीं होळीपर्यंत तरी त्याला जाऊं द्यावें. पासाचे पैसे आमच्या निवृत्तिवेतनांतून, आणि परत आल्यावर अर्धा तास आमच्यापाशीं संस्कृत. त्या एका विषयाची तरी जबाबदारी आमची. पुतण्यानें हो म्हटलें नाहीं व नाहींहि म्हटलें नाहीं. आमच्या घरांत त्याचा अर्थ हो असा होतो.

मग हंगाम सुरू झाला. खंडेनवमीस आमच्याकडे पाटीपुस्तकें, विळी, कातर आणि दारांतली दुचाकी यांची पूजा होते. यंदां मुलाची बॅटहि पाटावर आली. आपट्यांच्या कोशाशेजारीं तिला कुंकू लावतांना आमचा हात अंमळ थबकला, हें खोटें कशाला सांगावें? त्याच दिवशीं, १ ऑक्टोबरास, नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर इराणी चषकाचा सामना सुरू झाला, आणि तायडे दिवसभर खेळून शतक काढून नाबाद परतला. दसऱ्याच्या दिवशीं तो १४३ वर बाद झाला. विदर्भानें शेष भारताचा ९३ धांवांनीं पराभव केला, आणि सामन्याचा मानकरी तायडेच ठरला. सूनबाईनें आपटे-सोनें देतांना आम्हांस विचारलें, “तो स्वरूपासिद्ध कोठें गेला?”

जांवईबापूंनाहि तोंड लपविण्याचें कारण राहिलें नाहीं. शॉ यानें महाराष्ट्राकडून रणजीच्या पहिल्या सामन्यांत दिवाळीपूर्वीं केरळाविरुद्ध पहिल्या डावांत भोपळाहि फोडला नाहीं. आणि दिवाळी होतांच चंडीगडाविरुद्ध २२२ धांवा ठोकल्या, दोनशांपर्यंत अवघ्या १४१ चेंडूंत. त्या दिवशीं डोंबिवलीहून तीन वेळां फोन आला. १८ जानेवारी २०२६ रोजीं बंगळुरास विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना झाला. आदल्या वर्षीं विदर्भ अंतिम सामन्यांतच कर्नाटकाकडून हरला होता. या वेळीं तायडे यानें सौराष्ट्राविरुद्ध १२८ धांवा केल्या, आणि विदर्भानें ३८ धांवांनीं जिंकून हा करंडक प्रथमच घरीं आणला.

होळीस डबा उघडला. जांवईबापूंनीं २२२ पुढें केल्या, सूनबाईनें १४३ आणि १२८. धाकट्या बंधूंनीं आपली चिठ्ठी पुढील वर्षाकरितां राखून ठेवण्याची परवानगी मागितली. नियमांत बसत नसतांहि आम्हीं ती दिली. कौल सूनबाईच्या बाजूनें दिला, तर जांवईबापूंनीं पंच घरचा असल्याचा आक्षेप नोंदविला. परंतु खरें पाहतां आमचें सर्वांचेंच हसें झालें होतें. त्या विजय हजारे स्पर्धेचा मानकरी ठरला तो तायडे नव्हे, अमन मोखाडे. पांच शतकांसह त्यानें ८१४ धांवा केल्या. आपल्याच विदर्भाचा, बहुतेक तायडेच्याच वयाचा. आणि डब्यांतल्या एकाहि चिठ्ठीवर त्याचें नांव नाहीं. कोणीं वादांतसुद्धां त्याचा उल्लेख केला नव्हता. “त्याला सगळे सामने मिळाले,” एवढेंच तो मुलगा म्हणाला व होळीच्या गोवऱ्या रचावयास निघून गेला.

त्याचें स्वतःचें म्हणाल, तर या हंगामांत सरावसामन्यांत त्यानें एकदां ६१ धांवा केल्या आणि तीनदां शून्यावर परतला. संस्कृतांत गुण चांगले, गणितांत काठावर. होळीपर्यंतचाच शब्द होता, आणि पुढचें पुतण्यानें कांहींच बोलून दाखविलें नव्हतें. काल पासाची मुदत संपली. आज सकाळीं पूजा आटोपून, पैसे कोटाच्या खिशांत घालून आम्ही स्टेशनावर गेलों, तों खिडकीपुढच्या रांगेंत पुतण्याच उभा. त्यानें आम्हांस पाहिलें व मान फिरविली. आम्हीहि आलों तसेच परत फिरलों, आणि येतांना पुडींत दहा कचोऱ्या बांधून घेतल्या.